एरिओकॉलॉनच्या नव्या जातीचं प्रकाशन: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२४

आजपासून ही वही. मागच्या हंगामात एकाच पाणथळ जागेतून आणलेल्या एरिओकॉलॉनच्या सहा हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेली झाडं लावलेले कागद, टेबलावर आहेत. सहाही शीटवर तोच संकलन क्रमांक आणि तीच तारीख आहे. या प्रजातीत जगभरात चारशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक ओलसर जागी वाढतात आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात: गवतासारख्या पानांचा झुबका, त्यातून उभे बारीक दांडे आणि टोकाला पांढुरकं बोंड. वेगळेपण असतं ते त्या बोंडाच्या आत.

जात ओळखायच्या उपलब्ध किल्ल्या, म्हणजे लक्षणांचे टप्प्याटप्प्याचे तक्ते, तीनदा लावून पाहिल्या. प्रत्येक वेळी आमचं झाड एकाच जातीपाशी येऊन थांबतं आणि तिच्यातही बसत नाही. आमचे परागकोश फिकट आहेत, तिचे काळे. बियांची नक्षीही जुळत नाही. मॅडम म्हणाल्या, "मला नवीन वाटतेय. आता तू सहाही शीट नीट सोडवून बघ, मग बोलू."

या वहीत नव्या जातीचं नाव मी लिहिणार नाही. वर्णनाशिवाय बाहेर फिरणाऱ्या नावाला वनस्पतींच्या नामकरणाच्या संहितेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमावलीत, काहीच स्थान नाही, अशा नावाला 'नग्न नाम' म्हणतात. पण ते एकदा कोणाच्या यादीत, कोणाच्या फोटोखाली गेलं की वर्षानुवर्षं निघत नाही. त्यामुळे प्रसिद्ध होईपर्यंत 'आमचं झाड' एवढंच.

९ फेब्रुवारी

दिवसभर सूक्ष्मदर्शक. बोंड कोमट पाण्यात भिजवलं की दहा-पंधरा मिनिटांत मऊ होतं. मग काचपट्टीवर पाण्याचा थेंब घेऊन दोन सुयांनी फुलं सुटी करायची. नर फूल सव्वा-दीड मिलिमीटरचं. त्याची संदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दलं, एकत्र जुळून पुढून उघडी असलेली झोळी झालेली असते. ती सुईने अलगद बाजूला सारली की आत सहा परागकोश दिसतात. ते फिकट, जवळजवळ दुधी आहेत. वाळून रंग गेला असेल अशी शंका होती, म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवलेली फुलंही पाहिली. तिथेही फिकटच. पाकळीच्या टोकाशी मात्र काळी ग्रंथी स्पष्ट दिसते.

मादी फुलात तीन संदलं, त्यातल्या दोघांच्या पाठीला नावेच्या तळासारखा कणा. तिसरं सपाट. हा फरक प्रत्येक फुलात टिकतो का, ते मोजायचं आहे. आज बारा फुलं झाली.

२१ फेब्रुवारी

आज धक्का बसला. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा एकमेव आधार-नमुना, म्हणून मनात धरलेली शीट सगळ्यांत देखणी. चोवीस झाडं, मुळं धुऊन नीट पसरलेली, पाकिटात सुटी बोंडं. तिच्यातल्या एका झाडाचं बोंड सहज उघडलं, तर परागकोश काळे. पुन्हा दुसरं बोंड उघडलं. काळेच. बी गुळगुळीत, आमच्या झाडाची नक्षी नाही.

म्हणजे त्या पाणथळीत दोन जाती शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि आम्ही त्या एकाच मुठीत उपटल्या.

लहान झाडांच्या बाबतीत संहिता एका शीटवरची अनेक झाडं मिळून एक नमुना मानते, पण ती एकाच जातीची आणि एकाच संकलनातली असावी लागतात. मिश्र शीट होलोटाइप म्हणून नोंदवली असती तर पुढे कोणीतरी विचारलं असतं की नाव नक्की कोणत्या झाडाचं? आणि ते सोडवायला आणखी एक निबंध लिहावा लागला असता. ते काम बहुधा आमच्यानंतरच्या कोणाच्या तरी गळ्यात पडलं असतं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सगळ्या शीटवरच्या प्रत्येक झाडाचं एकेक बोंड उघड. एकही सोडू नकोस."

३ मार्च

अकरा दिवस लागले. सहा शीटवरची एकशे एकतीस झाडं. दोन शीट मिश्र निघाल्या: देखण्या शीटवर तीन झाडं दुसऱ्या जातीची, पाचवीवर एक. ती चारही काढून वेगळ्या शीटवर लावली, नवा क्रमांक दिला आणि लेबलवर कशामुळे वेगळी केली तेही लिहिलं. उरलेल्या चार शीट स्वच्छ आहेत. त्यांतली तिसरी होलोटाइप. तिच्यावर झाडं कमी आहेत, एकाचं पान फाटलंय, पण पिकलेलं बी भरपूर आहे. बाकीच्या तीन आयसोटाइप, म्हणजे होलोटाइपच्याच संकलनातले जोडनमुने, म्हणून तीन वेगवेगळ्या हर्बेरियमना जातील. एका ठिकाणी आग लागली, पूर आला, तर दुसरीकडे तेच संकलन शिल्लक राहतं.

१४ मार्च

नियमांचा दिवस. मॅडमनी त्यांच्या पहिल्या जातीची गोष्ट सांगितली. तेव्हा लॅटिन वर्णन सक्तीचं होतं. १ जानेवारी १९३५ पासून ३१ डिसेंबर २०११ पर्यंत नव्या वनस्पतीचं नाव लॅटिन वर्णन किंवा निदानाशिवाय (जवळच्या जातींहून वेगळेपण सांगणाऱ्या ओळींशिवाय) ग्राह्य धरत नसत. त्यांनी एका निवृत्त शिक्षकांकडून सात ओळींचं निदान तपासून घेतलं होतं. मग अंक छापला जायची वाट, आणि आल्यावर त्याच्या सुट्या प्रती स्वतः पाकिटात घालून ग्रंथालयांना पोस्टाने पाठवायच्या. छापील कागद लोकांपर्यंत, निदान ग्रंथालयांपर्यंत, पोचला तरच ते प्रकाशन.

ऑनलाइनची वाट उघडली २०११ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत. १ जानेवारी २०१२ पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिकांचा किंवा पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेल्या ऑनलाइन प्रकाशनातली पीडीएफ छापील कागदाच्या बरोबरीची झाली. त्याच दिवसापासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजी, कोणत्याही एका भाषेत चालू लागलं. त्याआधी लोकांनी आडवाटेने प्रयत्न केले होतेच. सँड्रा नॅप यांनी २०१० मध्ये सोलॅनमच्या चार वेली प्लॉस वन या ऑनलाइन नियतकालिकात प्रसिद्ध केल्या, पण नावं ग्राह्य ठरावीत म्हणून छापील प्रती काढून ग्रंथालयांत ठेवाव्या लागल्या.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. संहितेने पीडीएफला मान दिला तो अटीवर: प्रसिद्ध झाल्यावर तिच्यातला मजकूर बदलायचा नाही. बदलला तरी तो बदल प्रकाशित झाला असं मानत नाहीत. पडद्यावरची बाकी प्रत्येक गोष्ट आपण गुपचूप दुरुस्त करतो, इथे ते चालत नाही. म्हणून जे तपासायचं ते आधी.

२ एप्रिल

नावाचा पहिला पर्याय गेला. आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूचीत शोधलं तर तेच विशेषण, म्हणजे नावाचा दुसरा शब्द, एरिओकॉलॉनमध्ये एकोणिसाव्या शतकातच वापरलेलं. ते नाव आज दुसऱ्या जातीत विलीन केलेलं आहे, कोणी वापरत नाही, तरी ते मोकळं होत नाही. तेच पुन्हा दिलं असतं तर आमचं नाव जन्मतःच अवैध समनाम ठरलं असतं.

दुसरं नाव बियांच्या नक्षीवरून. एरिओकॉलॉन हे नाव ग्रीकमधून आलेलं, लोकर आणि दांडा या दोन शब्दांचं, आणि व्याकरणात नपुंसकलिंगी. म्हणून विशेषणाचा शेवट 'उम' असा हवा. मी मसुद्यात 'अ' लिहिला होता. ही चूक राहिली असती तरी चाललं असतं, कारण लिंगाचा प्रत्यय नंतर कोणीही सुधारू शकतो, लेखक आणि तारीख तीच राहतात. उलट होलोटाइप कोणत्या हर्बेरियममध्ये आहे तेच लिहायचं राहिलं तर १९९० पासून नावच ग्राह्य होत नाही. कोणती चूक माफ आणि कोणती नाही, याचा तक्ता करून भिंतीला लावला आहे.

१९ एप्रिल

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बिया. लंबगोल, तांबूस, लांबी ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर. पृष्ठभागावर आडव्या लांबट पेशींच्या रांगा, आणि पेशींच्या कडांवरून निघालेली बारीक उपांगं, टोकाला किंचित फाटलेली. जवळच्या जातीच्या बीला यांतलं काहीच नाही. इतके दिवस सुईच्या टोकावर जो ठिपका सांभाळला, तो असा दिसतो! बराच वेळ नुसती बघत बसले.

११ मे

चित्रपट्ट पूर्ण. चित्रकार मैत्रिणीने झाड, बोंड, छदं (फुलांखालची छोटी पानं), नर फूल, मादी फूल, बी, असे सतरा भाग काढले आहेत. बीचं चित्र पानावर फारच बारीक दिसत होतं, म्हणून ते मोठं करून बसवलं.

फोटोने हे काम होत नाही असं माझं ठाम मत आहे. फोटोत संदलाचा कणा कधी सावलीत जातो, केस कधी चमकून दिसेनासे होतात. रेषा काढणाऱ्याला मात्र प्रत्येक केस कुठून निघतो ते ठरवावंच लागतं. तिने मला दोनदा विचारलं, "बोंडाच्या बैठकीवर केस आहेत की नाहीत?" आणि दोन्ही वेळा मला पुन्हा पाहावं लागलं. आहेत, विरळ. माझ्या मसुद्यात 'नाहीत' होतं.

३० मे

संवर्धन स्थितीचा परिच्छेद. आतापर्यंत दोन जागा सापडल्या आहेत, एकमेकींपासून साधारण सहा किलोमीटरवर. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या पद्धतीने दोन बाय दोन किलोमीटरचे चौकोन टाकले की व्याप्तीक्षेत्र आठ चौरस किलोमीटर येतं. अतिसंकटग्रस्त वर्गाची मर्यादा दहाची. तेवढ्यावर तो शिक्का मारायचा मोह होतो, आणि पुष्कळ निबंधांत तो मारलेला दिसतो. पण नुसतं क्षेत्र लहान असून भागत नाही, घट होतेय, अधिवास तुकड्यांत विभागलाय अशा किमान दोन गोष्टींचे पुरावेही लागतात. आमच्याकडे एका हंगामाच्या नोंदी आहेत. 'माहिती अपुरी' असं लिहिलं. मॅडमना सुरुवातीला ते पटलं नाही, दोन दिवस वाद झाला. शेवटी त्यांनीच वाक्य सुधारून दिलं.

१२ जून

निबंध पाठवला.

एक प्रश्न मैत्रिणीने विचारला होता: घाई नाही तर प्रकाशनाची तारीख इतकी कशाला जपायची? मी तिला २००२ मधलं फ्रॅगमिपेडियम ऑर्किड सांगितलं. एकाच भव्य जांभळ्या फुलाला दोन गटांनी दोन नावं दिली. 'कोवाची' हे नाव जूनमध्ये आधी प्रसिद्ध झालं, 'पेरुविआनम' त्यानंतर काही दिवसांनी. आज वापरात आहे ते पहिलं. वनस्पतींच्या नावांची गणती १ मे १७५३ पासून, लिनियसच्या ग्रंथापासून, सुरू होते, आणि तेव्हापासून सगळा हिशेब कोण आधी यावरच चालतो.

२२ जुलै

माद्रिदमधल्या परिषदेच्या नामकरण सत्राचे निर्णय कळले. संहिता बदलते ती फक्त अशा परिषदेतच: मेलबर्न २०११, शेन्झेन २०१७ आणि आता ही. या वेळी 'काफ्रा' आणि तशी रूपं असलेल्या दोनशेहून अधिक नावांची अक्षरं बदलून 'आफ्रा' करायचं ठरलं, कारण मूळ शब्द आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरला जातो. मतदान झालं, विरोधही बराच झाला.

मला निर्णय योग्य वाटतो. सोयीचं नाही, आवडत नाही, अर्थ चुकीचा आहे म्हणून नाव बदलत नाहीत, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगत आले. पण एखाद्याला रोज आपल्या अंगणातल्या झाडाबरोबर ती शिवी उच्चारावी लागत असेल, तर स्थैर्याची किंमत तो एकटाच भरतो. आणि हे बदलायला जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना एका सभागृहात बसावं लागलं, यावरून नाव ठेवताना किती विचार करायचा ते कळतं. आमच्या विशेषणाचा अर्थ पुन्हा तीन भाषांत तपासला.

५ सप्टेंबर

दोन परीक्षकांचे अभिप्राय. एकाने नर फुलांच्या मापांची संख्या वाढवायला सांगितली आहे, रास्त आहे. दुसऱ्याने जवळच्या जातीचा मूळ टाइप पाहिला का, असं विचारलं. पाहिला आहे, स्कॅन केलेल्या प्रतिमेवर, पण बी प्रतिमेत दिसत नाही. त्या हर्बेरियमला पत्र पाठवून पाकिटातल्या एका बीचा फोटो मागितला. आठ दिवसांत आला. बी गुळगुळीत!

१० ऑक्टोबर

पक्कं प्रूफ आलं आणि पोटात गोळा आला. नियतकालिकाने पानं वाचवायला संपूर्ण वर्णन आणि टाइपचा तपशील पूरक फाइलमध्ये हलवला आहे. मुख्य पीडीएफमध्ये नाव, दोन ओळींची तुलना आणि 'सविस्तर वर्णन दुव्यावर पाहा'.

पीडीएफचा मजकूर म्हणजे पानावर दिसतं ते, मजकूर, तक्ते, चित्रं. दुव्यावरून उघडणारी बाहेरची गोष्ट त्यात धरत नाहीत. टाइप मुख्य फाइलमध्ये नाही म्हणजे नाव ग्राह्य नाही. सगळं करूनही आमचं झाड निनावीच राहिलं असतं, आणि कळलं कधी असतं कोण जाणे.

संपादकांना लगेच लिहिलं, कलमांच्या क्रमांकांसह. मॅडमनीही वेगळं पत्र पाठवलं, माझ्यापेक्षा मऊ भाषेत.

१७ ऑक्टोबर

वर्णन आणि टाइप मुख्य फाइलमध्ये परत आले. पूरक फाइलमध्ये फक्त मापांचा कच्चा तक्ता राहिला. दुसरं प्रूफ आम्ही तिघींनी वेगवेगळं वाचलं.

७ नोव्हेंबर

निबंध ५ तारखेला प्रसिद्ध झाला असं पानावर लिहिलंय. पण ५ ला आणि ६ ला फक्त वाचायचं वेबपान उघडत होतं, पीडीएफचा दुवा कोरा होता. पीडीएफ आज दुपारी दिसू लागली. वेबपान संहितेच्या दृष्टीने प्रकाशन नाही, पीडीएफ आहे. म्हणजे आमच्या जातीची खरी तारीख ७.

दोन दिवसांनी कोणाचं बिघडतं, असं वाटेल. बहुतेक वेळा नाहीच बिघडत. पण प्रकाशनावर छापलेली तारीख, उलट पुरावा नसेल तर, खरी मानतात. पुरावा आमच्याकडे आहे: ५ आणि ६ ला मी दुवा उघडून पाहिला तेव्हाची पडद्याची चित्रं, आणि कार्यालयाचं 'तांत्रिक अडचण' असं उत्तर. ते सगळं संपादकांना आणि नावांच्या सूचीकडे पाठवलं. कवकांच्या नावांना २०१३ पासून प्रकाशनाआधी नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो. वनस्पतींना अजून ती सक्ती नाही, असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी होलोटाइपच्या शीटवर नवी चिठ्ठी चिकटवली. नाव, 'होलोटाइप', तारीख. मग शीट लाल कडेच्या फोल्डरमध्ये. मॅडमनी फोल्डर बंद केला आणि चहाही न घेता घरी गेल्या. डोळे भरले होते त्यांचे.

९ डिसेंबर

नावांच्या सूचीत नोंद आली. तारीख ७ नोव्हेंबर.

१४ जानेवारी २०२५

दूरच्या एका हर्बेरियममधून पत्र. तिथल्या कपाटात अनेक दशकं 'एरिओकॉलॉन, जात अनिश्चित' अशा चिठ्ठीखाली एक शीट पडून होती. आमची पीडीएफ वाचून त्यांनी ती काढली. परागकोश फिकट, बियांवर उपांगं. पण एक अडचण त्यांनी लिहिली आहे: आमच्या चित्रातल्या मापपट्टीप्रमाणे बी ०.९ मिलिमीटरचं येतं, त्यांचं त्याच्या निम्मं. मजकुरातलं माप मात्र त्यांच्याशी जुळतं. कोणतं खरं?

मूळ फाइल उघडली. ११ मे. बीचं चित्र दुप्पट केलं होतं, शेजारची पट्टी तेवढीच राहिली. सतरा भागांतली एक पट्टी. तिघींनी प्रूफ वाचलं, कोणालाच दिसलं नाही, कारण आम्ही सगळ्या आकडे वाचत होतो.

१५ जानेवारी

रात्रभर झोप नाही. नियतकालिकाच्या कार्यालयातून सुचवलं गेलं की चित्र बदलून फाइल पुन्हा चढवू, कोणाला कळणारही नाही. नको म्हटलं. त्या फाइलच्या प्रती कित्येकांनी उतरवून घेतल्या असतील, मग एकाच नावाखाली दोन वेगळ्या पीडीएफ जगात फिरतील आणि कोणती खरी हे कोणालाच सांगता येणार नाही. नावाला धोका नाही, चित्र नसतं तरी नाव ग्राह्यच होतं. स्वतंत्र शुद्धिपत्र द्यायचं ठरलं: चूक काय, कुठे आणि बरोबर मापपट्टी. पत्र लिहिणाऱ्यांचे आभारही त्यात.

३ फेब्रुवारी

शुद्धिपत्र प्रसिद्ध. त्याचीही पीडीएफ आधी तपासली, मापपट्टी फूटपट्टी लावून.

पूर्वी वाचलेला एक अभ्यास आठवला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला: नव्या जातींच्या वर्णनांपैकी फक्त १६ टक्के जाती पहिल्यांदा गोळा केल्यापासून पाच वर्षांत प्रसिद्ध झाल्या, आणि जवळपास पाव हिस्सा वर्णनांत पन्नास वर्षांहून जुने नमुने होते. तेव्हा तो आकडा नुसता वाचला होता. आता त्यातली एक शीट डोळ्यांसमोर आहे.

११ फेब्रुवारी

त्या शीटचा पूर्ण फोटो आला. सात झाडं आहेत. बी एकाच झाडाचं तपासलंय असं त्यांच्या पत्रातून दिसतं. आमच्या पाणथळीतल्या दोन जातींची हकीकत कळवली, काळ्या परागकोशांचे फोटो जोडले आणि उरलेल्या सहाही झाडांचं एकेक बोंड उघडून पाहण्याची विनंती केली. भिजवायला कोमट पाणी घ्या, गरम नको, हेही लिहिलं.